माइकला ऐकू जाणारा कॉम्प्युटर

"मी अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतो. हे काम रात्री, घर झोपल्यावर चालतं. माझा आठ वर्षांचा कॉम्प्युटर आता इतका घोंघावतो की रेकॉर्डिंगमध्ये माझ्या आवाजामागे सतत एक घूं ऐकू येते. सॉफ्टवेअरने ती काढली की माझाच आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. आता सुटे भाग घेऊन स्वतः नवीन मशीन जोडायचं ठरवलंय. लिनक्सच वापरतो, तेच वापरणार. मशीन शांत हवं आणि दहा वर्षं टिकायला हवं. माझी यादी अशी: सोळा कोअरचा १७० वॉटचा प्रोसेसर, तीन फॅनचा वॉटर कूलर, १००० वॉटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), एनव्हिडियाचं मोठं ग्राफिक्स कार्ड, रॅमच्या चार पट्ट्या, आतून फोम लावलेलं कॅबिनेट आणि वायफायसाठी यूएसबी डोंगल. यात काही चुकतंय का? आणि जुन्या मशीनचं काय करू? त्यातल्या दोन हार्ड डिस्कवर आजवरची सगळी रेकॉर्डिंग्ज आहेत."
– रात्रीचा वाचक

नमस्कार,

तुमची यादी दोनदा वाचली. शांतता आणायला निघालात आणि पिशवीत उष्णता भरून आणलीत, असं काहीसं झालंय. १७० वॉटचा प्रोसेसर आणि वर मोठं कार्ड. एवढी उष्णता पेटीत तयार झाली की ती बाहेर काढावीच लागणार. त्याला वारा लागतो, वाऱ्याला फॅन लागतो आणि फॅन म्हटला की आवाज आलाच. मग त्या आवाजावर फोम! जखम मांडीला आणि मलम शेंडीला. फोमचं कॅबिनेट आवाज थोडा अडवतं हे खरं, पण समोरचं तोंड बंद असल्यामुळे ते हवाही अडवतं, आणि आतले फॅन आणखी जोरात फिरू लागतात. आपण यादी दुसऱ्या टोकाकडून करू. आधी उष्णताच कमी करायची, मग उरेल तेवढीसाठी मोठे आणि संथ फॅन लावायचे.

पण काहीही विकत घेण्याआधी आज रात्री एक प्रयोग करा. कॉम्प्युटर चालू, माइक नेहमीच्या जागी, तुम्ही गप्प. तीस सेकंद रेकॉर्ड करा. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये तो तुकडा निवडून त्याचा स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या पट्टीत किती आवाज आहे त्याचा आलेख, काढा. डावीकडच्या, खर्जाच्या भागात एखादा सुळका वर आलेला दिसेल. बहुतेक तो तुमचा फॅनच. त्याचं गणित सोपं आहे: मिनिटाला होणारे फेरे भागिले ६०, गुणिले पात्यांची संख्या. १२०० फेऱ्यांनी फिरणारा सात पात्यांचा फॅन १४० हर्ट्झवर गुणगुणतो. आता पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण ८५ ते १५५ हर्ट्झमध्ये असतो. घोडं इथंच पेंड खातं. फॅन आणि तुमचा गळा एकाच पट्टीत गातायत, म्हणून सॉफ्टवेअर एकाला काढताना दुसऱ्यालाही खरवडतं आणि तो पत्र्याचा डबा ऐकू येतो. यावर सॉफ्टवेअरमध्ये इलाज शोधत बसू नका.

त्याच तुकड्याची सरासरी पातळी, म्हणजे आरएमएस, मोजून वहीत लिहून ठेवा. ध्वनिपुस्तकांची एसीएक्स ही सेवा मागचा आवाज उणे ६० डेसिबलच्या खाली मागते. तुमच्यावर ती अट नाही, पण मापदंड म्हणून चांगली आहे. मग पेटी टेबलावरून खाली उतरवा, माइकपासून शक्य तितकी लांब सरकवा आणि पुन्हा मोजा. मोकळ्यावर अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. खोलीत भिंतींमुळे तेवढा फायदा मिळत नाही, तरी आकडा खाली आलेला दिसेल. लांब केबल हा शांततेचा सर्वांत स्वस्त भाग आहे आणि तो कुणाच्याच यादीत नसतो.

आता प्रोसेसर. आवाज रेकॉर्ड करणं, श्वास आणि चुका कापणं, शेवटी एमपी३ करणं, एवढ्यासाठी सोळा कोअर म्हणजे नाकापेक्षा मोती जड. शिवाय खोक्यावर लिहिलेले वॉट आणि प्रत्यक्षात ओढले जाणारे वॉट सारखे नसतात. एएमडीच्या एएम५ सॉकेटवरचा (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती खाच) '१७० वॉट' लिहिलेला प्रोसेसर जोरात असताना २३० वॉटपर्यंत जाऊ शकतो. '६५ वॉट' लिहिलेल्याची मर्यादा ८८ असते. हा फरक तुमच्या माइकला थेट ऐकू येणार. रायझन ७ ७७०० किंवा ९७००एक्स घ्या. दोन्ही आठ कोअरचे, ६५ वॉटचे आणि पडद्यापुरती ग्राफिक्स सोबत घेऊन येणारे. सोळा कोअरचा मोह सुटतच नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये, इको मोड चालू करून त्यालाही ६५ वॉटच्या दावणीला बांधता येतं.

एएम५ का, तर तुमच्या दहा वर्षांसाठी. हे सॉकेट सप्टेंबर २०२२ मध्ये आलं आणि २०२७ व त्यापुढेही ते चालू ठेवू असं एएमडीने जाहीर केलंय. आधीच्या एएम४ चा अनुभव चांगला आहे: २०१७ साली घेतलेल्या बऱ्याच मदरबोर्डांवर बायोस अपडेट करून २०२२ चा प्रोसेसर चालला. म्हणजे पाच-सहा वर्षांनी मशीन मंद वाटलं तर एक चिप बदलायची, बाकी संसार तसाच. इंटेलवर लिनक्स उत्तमच चालतं, पण तिथे सॉकेट लवकर बदलतं. आणि १३व्या-१४व्या पिढीच्या डेस्कटॉप चिप्सचा २०२४ मधला घोळ तुम्ही ऐकला असेल: जास्त व्होल्टेजमुळे काही चिप्स झिजून अस्थिर होत होत्या. इंटेलने मायक्रोकोड, म्हणजे चिपच्या आतला प्रोग्रॅम, दुरुस्त केला, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. तरी त्या पिढीची वापरलेली चिप कुणी देऊ केली तर मी हात जोडीन.

वॉटर कूलर यादीतून काढा. तो वाईट असतो म्हणून नव्हे. त्यात फॅन तर असतातच, वर एक पंप असतो, आणि पंप तुम्ही काही करत नसतानाही चालू राहतो. रबरी नळ्यांमधून पाणी वर्षानुवर्षं कणाकणाने उडून जातं, ते परत भरायची सोय बहुतेकांत नसते. पंप गेला की अख्खा कूलर गेला. याउलट तांब्याच्या नळ्या आणि अॅल्युमिनियमच्या पाकळ्यांचा एअर कूलर म्हणजे धातूचा ठोकळा. त्यात बिघडण्यासारखं काही नाही. फिरतो तो फॅन, आणि तो चार क्लिपांनी निघतो. नॉक्टुआसारखी कंपनी सहा वर्षांची वॉरंटी देते आणि नवं सॉकेट आलं की जुन्या कूलरसाठी बसवायचा सांगाडा फुकट पाठवते, म्हणून कूलर दुसऱ्या मशीनमध्येही नेता येतो. ८८ वॉटला १२० मिलिमीटर फॅनचा एक उभा मनोरा पुरतो. फक्त उंची मोजा. हे मनोरे १५५ ते १६५ मिलिमीटर उंच असतात आणि कॅबिनेटचं झाकण लागत नाही हे कळतं तेव्हा रात्रीचे बारा वाजलेले असतात.

फॅनबद्दल मात्र सविस्तर बोलू, कारण सगळा खेळ तिथे आहे. फॅनचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. दुसरीकडे, सारखेच दोन फॅन शेजारी लावले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. आता हिशेब करा: १२०० फेऱ्यांच्या एका फॅनऐवजी ६०० फेऱ्यांचे दोन लावले. हवा जवळपास तेवढीच, आवाज मात्र सुमारे १२ डेसिबल कमी. दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो, म्हणजे हा फरक कागदावरचा नाही. म्हणून समोरून १४० मिलिमीटरचे दोन फॅन हवा आत घेणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा, तिन्ही ५००-६०० फेऱ्यांवर. कॅबिनेट जाळीच्या तोंडाचं, धुळीची गाळणी पुढून ओढून काढता येईल असं. गाळणी महिन्यातून एकदा झटकायची. धुळीने बुजलेली गाळणी म्हणजे पुन्हा बंद तोंडाचं कॅबिनेट.

फॅन चार पिनांचेच घ्या. चौथ्या पिनेवरून मदरबोर्ड फॅनला वेग सांगतो, त्यामुळे तो खूप खालपर्यंत आणता येतो. बेअरिंगमध्ये साधं स्लीव्ह टाळा, फ्लुइड किंवा मॅग्नेटिक बेअरिंग बघा. फॅन नवा असताना सगळेच शांत असतात. तीन वर्षांनी कोण कण्हतो ते बेअरिंग ठरवतं.

आणि फॅन बसवून काम संपत नाही. माणसाचा कान सततच्या मंद आवाजाला सरावतो, चढउताराला सरावत नाही. हल्लीच्या प्रोसेसरचं तापमान एखादं ब्राउझरचं पान उघडलं तरी सेकंदात १५-२० अंशांनी उसळतं आणि लगेच खाली येतं. मदरबोर्डची कारखान्यातली सेटिंग्ज त्या प्रत्येक उसळीमागे फॅन पळवतात: हूंऽऽ, मग गप्प, परत हूंऽऽ. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये हे वाक्यावाक्याला ऐकू येईल. बायोसमध्ये जाऊन फॅनचा आलेख स्वतः काढा. ६५-७० अंशांपर्यंत सपाट रेषा, सगळ्यांत कमी वेगाची, आणि त्यानंतर हळूहळू चढण. वेग बदलण्याआधी थांबायची सोय बहुतेक बोर्डांत असते. तिथे जेवढे जास्त सेकंद मिळतील तेवढे द्या. कॅबिनेटचे फॅन प्रोसेसरऐवजी मदरबोर्डच्या तापमानावर बांधले तर ते हलणारही नाहीत. प्रोसेसर ८० अंशांवर दिसला म्हणून घाबरू नका. ही पिढी ९५ अंशांपर्यंत चालण्याच्या हिशेबानेच बनवलेली आहे आणि तुमच्या कामात ती तिथे फिरकणारही नाही. हे सगळं लिनक्समधून करायला कूलरकंट्रोलसारखी साधनं आहेत, मीही खेळते त्यांच्याशी. पण कायमची सोय बायोसमध्येच करा, म्हणजे उद्या दुसरं डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा दुसरा अवतार, टाकलंत किंवा मशीन मध्येच अडकलं तरी फॅन आपलं काम करत राहतील.

एसएमपीएस. तुमचं नवं मशीन रेकॉर्डिंगच्या वेळी ५०-६० वॉट घेईल, आणि तुम्ही १००० वॉटचा डबा लावणार. ८० प्लस गोल्डवाल्याची कार्यक्षमता निम्म्या भाराला किमान ९० टक्के असते, पण हे प्रमाणपत्र २० टक्क्यांच्या खालच्या भाराचं मापच घेत नाही. तुम्ही दिवसरात्र राहणार पाच-सहा टक्क्यांवर. ५५० वॉटचा गोल्ड पुरे, पुढे मध्यम कार्ड लावलंत तरी पुरे. दोन गोष्टी बघा. एक, कमी भाराला फॅन पूर्ण बंद ठेवणारा असावा. दोन, आतले कपॅसिटर १०५ अंशांचे असावेत. कपॅसिटर दहा अंश थंड राहिला की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं असा ठोकताळा आहे, म्हणजे कमी उष्णतेचा प्रोसेसर इथेही कामाला आला. वॉरंटी सात ते दहा वर्षांची मिळते, ती बघूनच घ्या. कंपनीला स्वतःच्या मालावर किती भरवसा आहे ते त्या आकड्यात दिसतं.

आणि इथे मी स्वतः हात पोळून घेतलेत, म्हणून सांगते. काही वर्षांपूर्वी माझा एसएमपीएस गेला. वॉरंटीत दुसरा आला, केबल वेगळ्या होणारा, म्हणजे मॉड्युलर. कॅबिनेटमधून ओवलेल्या जुन्या केबल उपसायचा मला कंटाळा आला, म्हणून मी फक्त डबा बदलला. प्लग अगदी चपखल बसले. बटण दाबलं, 'टक्' झालं, जळक्या प्लास्टिकचा वास आला आणि दोन हार्ड डिस्क एका क्षणात गेल्या. केबलचं डिस्ककडचं टोक प्रमाणित असतं, एसएमपीएसकडचं नसतं. तिथे कोणत्या पिनेत किती व्होल्ट हे ज्याचं तो ठरवतो, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतसुद्धा फरक असतो. माझ्याकडे ५ व्होल्टच्या तारेत १२ गेले. तेव्हापासून कानाला खडा: डबा बदलला की त्याच्यासोबत आलेल्याच केबल.

ग्राफिक्स कार्ड घेऊच नका. तुमच्या पत्रात त्याची गरज भासेल असं एकही काम नाही. कार्ड नाही म्हणजे दोन-तीन फॅन नाहीत, आणि कॉइलची ती बारीक किणकिण नाही, जी फॅन बंद असतानाही कार्डाच्या गुंडाळ्यांमधून येते आणि माइकला फार आवडते. पुढे लागलंच तर स्लॉट रिकामा आहे. तेव्हा लिनक्ससाठी मी एएमडी सुचवीन. त्याचा एएमडीजीपीयू हा ड्रायव्हर २०१५ पासून कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, आहे. जे कर्नलमध्ये असतं ते कर्नलसोबत अपडेट होत राहतं, कंपनीचा रस संपला तरी. २०१२ सालची एएमडी कार्डं आजही चालतात ती त्यामुळे. एनव्हिडियाने २०२२ मध्ये कर्नलचा भाग खुला केला, परिस्थिती पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारली आहे. पण २०१६ साली आलेल्या त्यांच्या १० मालिकेला आता ५८० ही शेवटची ड्रायव्हर शाखा. दहा वर्षं टिकवायचं म्हणणाऱ्याने ही तारीख लक्षात ठेवावी. एएमडीची एक खोच आहे: त्यांच्या खुल्या ड्रायव्हरमधून एचडीएमआय २.१ देण्याचा प्रस्ताव एचडीएमआय फोरमने २०२४ मध्ये नाकारला. म्हणून मॉनिटर डिस्प्लेपोर्टने जोडायची सवय लावा, प्रश्न मिटला.

प्रोसेसरवर वाचलेले पैसे मदरबोर्डकडे वळवा. दहा वर्षांत रॅम, डिस्क, फॅन सगळं बदलता येतं. बोर्ड गेला आणि तोपर्यंत सॉकेट बाजारातून उठलं असेल, तर मशीनच गेलं. चिपसेटवर, म्हणजे बोर्डावरच्या मदतनीस चिपवर, चिमुकला फॅन असलेला बोर्ड घेऊ नका. ४० मिलिमीटरचा तो फॅन सगळ्यांत आधी किरकिरायला लागतो आणि त्याचा जुळा कुठे मिळत नाही. मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण हवं: फॅट३२ केलेल्या पेन ड्राइव्हवर फाइल टाकायची, बटण दाबायचं, प्रोसेसर नसतानाही बायोस बदलतो. पुढच्या पिढीची चिप टाकायच्या दिवशी ते बटण देवासारखं धावून येतं. तापमान मोजणारी चिप नुव्होटॉनची असेल तर लिनक्सला ती सहसा ओळखता येते. आयटीईच्या नव्या चिप्सचा ड्रायव्हर बऱ्याचदा बाहेरून आणावा लागतो. नेटवर्कला रिअलटेकची २.५ गिगाबिटची आरटीएल८१२५ बहुतेक बोर्डांवर असते, ती कर्नलच्या ड्रायव्हरवर चालते. रंगीत दिवे वगैरे तुमचं तुम्ही ठरवा.

वायफायचं डोंगल नको. त्यांतल्या कित्येकांचे ड्रायव्हर कुणीतरी हौसेने सांभाळलेले असतात, कर्नल बदलला की ते परत बांधत बसा. इंटेलचं एएक्स२१० कार्ड एम.२ च्या वायफाय खाचेत बसतं आणि एएमडी बोर्डावरही चालतं. एएक्स२११ घेऊ नका. आकडा एकानेच पुढचा असला तरी ते फक्त इंटेलच्या प्रोसेसरसोबत चालतं. केबल ओढणं शक्य असेल तर हा परिच्छेद विसरा.

रॅमच्या चार पट्ट्यांऐवजी दोनच. डीडीआर५ मध्ये चार लावल्या की वेग बराच उतरवावा लागतो आणि कटकटी वाढतात. १६ गिगाबाइटच्या दोन पुष्कळ झाल्या. ईसीसी रॅम, म्हणजे चुका स्वतः दुरुस्त करणारी, मिळाली आणि बोर्ड तिला मान्यता देत असेल तर जरूर घ्या. डीडीआर५ च्या पट्टीवर 'ऑन-डाय ईसीसी' लिहिलेलं असतं, ते हे नव्हे. त्यात चिपच्या आतली चूक दुरुस्त होते, पट्टी आणि प्रोसेसरमधल्या वाटेवरची नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये लिनक्सचे जनक खुद्द लिनस टॉरवाल्ड्स यांच्या मशीनची रॅम बिघडली. ते आधी कर्नलच्या कोडमध्ये दोष शोधत राहिले, आणि त्यांची ईसीसी रॅम तेव्हा ऑर्डरमध्ये अडकलेली होती. ज्या माणसाने आदल्याच वर्षी ईसीसीचा जाहीर आग्रह धरला होता, त्याची ही गत. ईसीसी नाही जमली तर किमान पहिल्या रात्री मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावून झोपा आणि सकाळी शून्य चुका दिसल्याशिवाय लिनक्स टाकू नका.

डिस्क म्हणून एक एनव्हीएमई एसएसडी (फिरता भाग नसलेली डिस्क), टीएलसी प्रकारची, बोर्डासोबत येणाऱ्या सपाट हीटसिंकखाली. फॅन लावलेले एसएसडी कूलर मिळतात, त्यांच्याकडे बघूही नका. माइकसाठी बोर्डच्या साउंड जॅकवर अवलंबून राहू नका, पेटीतली विजेची खरखर त्यातून येते. यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक आणि कॉम्प्युटर जोडणारी बाहेरची डबी, 'क्लास कंप्लायंट' असेल तर लिनक्समध्ये ड्रायव्हरशिवाय चालतो.

लिनक्ससाठी सुटे भाग निवडताना मी एक नियम पाळते: बाजारात येऊन वर्ष न झालेला भाग घ्यायचा नाही. चिप आज येते, तिचा ड्रायव्हर पुढच्या कर्नलमध्ये, आणि तो कर्नल तुमच्या स्थिर डिस्ट्रोत त्याच्याही नंतर. वर सांगितलेले दोन्ही प्रोसेसर ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ च्या ६.१२ कर्नलवर काही न करता चालतात.

जोडायच्या दिवसाची एकच सूचना, बाकी तुम्हाला जमेल. माझ्या भाच्याने गेल्या वर्षी असंच मशीन जोडलं. रात्री अकराला फोन: "मावशी, मेलं गं हे. फॅन फिरतायत, स्क्रीन काळी." त्याने तीनदा मशीन बंद करून रॅम काढून घातली होती, प्रोसेसर उचकटायच्या बेतात होता. मी म्हटलं, आता चालू कर आणि हात मागे बांधून बस. पाचव्या मिनिटाला बायोस उजळला. एएम५ बोर्ड पहिल्यांदा चालू झाला की आधी रॅमशी ओळख करून घेतो. त्याला काही मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ पडद्यावर काहीही दिसत नाही. दर वेळी बंद केलं की ती ओळख पहिल्यापासून. तेव्हा बटण दाबा आणि खोलीबाहेर जा.

राहिलं जुनं मशीन. ते टाकू नका आणि त्यातल्या हार्ड डिस्क नव्या पेटीत आणू नका. फिरत्या डिस्कची थरथर पत्र्यातून टेबलात आणि टेबलातून माइकच्या स्टँडमध्ये उतरते. ते मशीन दुसऱ्या खोलीत, नेटवर्कची केबल लावून ठेवा. बायोसमध्ये वेक-ऑन-लॅन चालू करा. आठवड्यातून एकदा नवं मशीन त्याला जागं करील, आरसिंक या फाइल उतरवून घेणाऱ्या प्रोग्रॅमने नवी रेकॉर्डिंग्ज तिकडे पाठवील आणि परत झोपवील. पण त्या डिस्क आठ वर्षांच्या आहेत, म्हणून सगळ्यांत आधी, नव्या मशीनचे भाग मागवायच्याही आधी, आजवरची रेकॉर्डिंग्ज एका नव्या बाहेरच्या डिस्कवर उतरवून ती कपाटात ठेवा. जुनं मशीन त्या खोलीत कितीही घरघरलं तरी चालेल, मधलं दार तेवढं लावून घ्या.